आप्पासाहेबांचा उजवा खिसा

आप्पासाहेबांना कुत्री आवडत नाहीत, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. आणि ते काही कानोकानी कळलेलं नव्हतं. कॉलनीच्या फाटकावर टिनाची पाटी होती, तिच्यावर लाल रंगात तसं लिहूनच ठेवलेलं होतं. 'भटक्या कुत्र्यांना कोणीही खाऊ घालू नये. घातल्याचे आढळल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल. हुकुमावरून, सचिव.' सचिव म्हणजे आप्पासाहेब. योग्य ती कारवाई म्हणजे नेमकी कोणती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण पाटबंधारे खात्यात उभी नोकरी काढल्यावर माणसाला एवढं समजतं की कारवाई पाटीवर लिहायची असते, करायची नसते.

पाटीचा रंग वाळतो न वाळतो तोच घोटाळा झाला. संध्याकाळी नाल्याच्या कडेनं फिरायला गेले असताना एक तांबडं कुत्रं त्यांच्या पुढं चालू लागलं. नाल्यापलीकडच्या वीटभट्टी वस्तीतलं. एक कान फाटलेला, शेपटी अर्धीच वळलेली. ते विजेच्या प्रत्येक खांबाशी थांबायचं, खांब नीट तपासायचं, मागं वळून आप्पासाहेबांकडं बघायचं आणि मग पुढच्या खांबाकडं निघायचं. कालव्याच्या कामावर साहेबाच्या पुढं मुकादम चालतो तो हुबेहूब असाच चालतो. आप्पासाहेबांना पिशोरकडची जुनी साइट आठवली आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आपण कसलीतरी पाहणी करतोय असं वाटलं. त्यांनी मनातल्या मनात त्याचं नाव मुकादम ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी फिरायला निघताना त्यांच्या नेहरू शर्टाच्या उजव्या खिशात अर्धी पोळी होती.

आता ही पोळी कागदात गुंडाळता आली असती. पण कागद वाजतो, आणि कॉलनीत कान सगळ्यांनाच आहेत. त्यामुळं पोळी नुसतीच खिशात जायची. चार दिवसांत सगळ्या शर्टांच्या उजव्या खिशाला तेलाचा डाग पडला आणि तो काही केल्या निघेना.

"अहो, या खिशाला तेल कुठून लागतं?" द्वारकाबाईंनी शर्ट उलटा करून विचारलं.

"पेन गळतं."

"पेनातून तेल?"

"हल्लीच्या पेनांत तेलच असतं," आप्पासाहेब म्हणाले आणि पेपर तोंडापुढं धरला. द्वारकाबाई पेपराच्या पाठीकडं थोडा वेळ बघत राहिल्या आणि साबण घेऊन न्हाणीघरात गेल्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एके दिवशी मुकादम पुढं चालेना. खांबांकडं त्यानं पाहिलंही नाही. मान एका बाजूला कलती ठेवून तो नुसता उभा राहिला. आप्पासाहेबांनी चष्मा नीट करून पाहिलं तर मानेवर रुपयाएवढी जखम, आणि जखमेत काहीतरी वळवळत होतं. जखमेत किडे पडले होते. आप्पासाहेब शेतकऱ्याच्या घरातले. किडे पडलेल्या जनावराचं काय होतं, हे त्यांनी लहानपणी गोठ्यात पाहिलेलं होतं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. पित्त झालंय असं त्यांनी सांगितलं.

मुकादमला डॉक्टरकडं न्यायला काय लागत होतं? रिक्षात घालायचं आणि न्यायचं. पण पाटी लावणारा सचिव भटकं कुत्रं मांडीवर घेऊन कॉलनीच्या फाटकातून रिक्षानं जातोय, हे दृश्य आप्पासाहेबांनी डोळ्यांपुढं आणून पाहिलं आणि त्यांना खरोखरचं पित्त झालं. मग त्यांना वहिदा आठवली. वहिदा ही त्यांच्या खात्यातल्या नवाबसाहेबांची धाकटी मुलगी, जनावरांची डॉक्टर. फुलंब्रीकडं नोकरीला होती आणि सुट्टीच्या दिवशी दोन सोबती घेऊन गरीब वस्त्यांमधून फुकट जनावरं तपासत फिरायची. आप्पासाहेबांनी तिला फोन लावला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की बेटा, आमच्या नाल्यापलीकडं तुमचं कधी येणं होतं का?

"काका, कधीपासून यायचंय तिकडं," वहिदा म्हणाली. "जागाच नाही मिळाली. थोडी सावली, एक टेबल आणि पाणी असलं की झालं."

आप्पासाहेबांचा बेत असा, की वहिदा येईल, वस्तीतले लोक आपापली जनावरं आणतील, त्यात कुणीतरी मुकादमलाही आणील. आपण लांब उभं राहून तिसरीकडं बघत राहू. मुकादम बरा होईल आणि आपली पाटीही जागेवर राहील. बेतात तसं काही वावगं नव्हतं. तो फक्त त्यांनी पुंजारामांना सांगायला नको होता.

पुंजाराम म्हणजे शेजारचे. त्यांनी फार पूर्वी एकदा डोळ्यांचं शिबिर भरवलं होतं आणि तेव्हापासून शिबिर या विषयात त्यांच्यापुढं कुणी बोलायचं नाही, असा कॉलनीत रिवाज पडला होता.

"सावली, टेबल आणि पाणी?" पुंजाराम कळवळून म्हणाले. "आप्पासाहेब, हे शिबिर हाय का वनभोजन? मंडप पाहिजे. भोंगा पाहिजे. पाहुणा पाहिजे, हार पाहिजे, शाल पाहिजे. शिबिर डोळ्याचं असो नाय तर शेळीचं, त्याची एक रीत असती."

"पण जनावरं भोंग्याला बुजतात."

"माणसं नाय बुजत का? तरी लग्नं होतातच ना."

लग्नं होतात, हे काही खोटं नव्हतं. शिवाय आप्पासाहेबांच्या मनात एक चोर होता. शिबिर जितकं मोठं, तितकं एक कुत्रं त्यात झाकून जाईल, असा तो चोर सांगत होता. त्यांनी मंडपाला होकार दिला. मंडप म्हटल्यावर भोंगा आला, आणि भोंगा म्हटल्यावर परवानगी आली.

परवानगीसाठी ते ज्या कचेरीत गेले तिचं नाव न घेतलेलंच बरं, कारण तिथल्या कारकुनानं शेवटी त्यांच्यावर दयाच केली. आधी त्याला वाटलं गुरांचा बाजार भरवायचाय, म्हणून त्यानं त्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं. वरच्यांनी सांगितलं की जनावरांचं आम्ही बघतो, पण मंडपाचं खाली. खालच्यानं कपाळाला हात लावला. "हे बघा काका, आमच्याकडं तीनच खाने हायेत. धार्मिक, राजकीय आणि लग्न. तुमचं कशात बसवू?"

जन्मभर आप्पासाहेबांनीही लोकांची कामं अशीच खान्यांत बसवली होती, त्यामुळं त्यांना रागही धड येईना.

"लग्न टाकतो," कारकून म्हणाला. "लग्नाला कुणी हरकत घेत नाय."

हा कागद फकिरा मंडपवाल्यानं दोनदा वाचला आणि शिबिराच्या दिवशी सकाळी नाल्याजवळच्या मैदानात मंडप उभा केला. मंडप छान होता. पुढं झिरमिळ्यांची कमान होती आणि कमानीवर मोठ्या सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' लिहिलेलं होतं.

"फकिरा, हे काय?"

"कागदावर लगीन हाय साहेब. उद्या पोलीस आला तर त्याला काय दाखवू, शेळ्या?"

कमान उतरव म्हणून सांगावं असं आप्पासाहेबांना वाटलं. पण वहिदा दोन सोबती आणि औषधांची खोकी घेऊन आलीच होती, आणि माजी नगरसेवक पाहुणे म्हणून येऊन सोफ्यावर बसलेही होते. द्वारकाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन पहिल्या रांगेत होत्या. हे ताट कुणासाठी, ते त्यांनाही उमगत नव्हतं, पण पुंजारामांनी आणा म्हटलं म्हणून आणलं होतं. भोंगा सनईवर सुरू होता. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त जनावर एकही नव्हतं.

नाल्यापलीकडं वस्तीची दारं बंद. रोज जिकडं तिकडं कोंबड्या, शेळ्या, कुत्री फिरत असायची, तिथं आज चिटपाखरू दिसेना. मुकादम दोन दिवसांत दिसलाही नव्हता. काल संध्याकाळी पोळी तशीच खिशात परत आली होती.

"काका, आम्हाला दुपारनंतर निघायला लागेल," वहिदा हळूच म्हणाली. "आज अर्धीच सुट्टी मिळालीय, नंतर ड्यूटी आहे. आणि खरं सांगू का, अशा रिकाम्या जागी आमची मंडळी परत येत नाहीत. पुढच्या वेळी दुसरी वस्ती धरतात."

पुंजारामांनी घड्याळाकडं पाहिलं, पाहुण्यांकडं पाहिलं आणि निर्णय घेतला. "मंडप मोकळा ठेवून चालत नाय. आपली जनावरं आणा."

कॉलनीच्या ग्रुपवर निरोप गेला आणि थोड्याच वेळात 'शुभविवाह' कमानीतून पहिल्या पेशंट आल्या. चतुराबाईंची पांढरी केसाळ कुत्री, गळ्यात रिबीन. तिच्यामागं कुणाचा तरी पोपट. त्याच्यामागं एकजण काचेच्या भांड्यात दोन मासे घेऊन आले. त्यांना काय झालंय असं वहिदानं विचारलं तर म्हणाले, काही झालं नाही, पण फुकट आहे तर बघून घ्या.

चतुराबाई खुर्चीत बसून वहिदाला कुत्रीच्या खाण्यापिण्याची तक्रार सांगत होत्या. ती उकडलेल्या चिकनशिवाय तोंड लावत नाही, आणि त्यातही कोमट पाहिजे. गरीब वस्तीसाठी आणलेल्या औषधांतली एक बाटली चतुराबाईंच्या पर्समध्ये जाताना आप्पासाहेबांनी पाहिली. त्यांना ओरडावंसं वाटलं, पण नेमकं कुणावर, ते ठरेना.

इकडं वस्तीच्या पत्र्यांवर एकेक डोकं दिसायला लागलं होतं. वस्तीनं बराच वेळ हे दृश्य पाहिलं. फुकटचा डॉक्टर, फुकटचं औषध, आणि नेणार कोण, तर बंगल्यातली माणसं. आपल्या नावानं आलेलं हे लोक उचलून चाललेत, हे जसं ध्यानात आलं, तशी वस्तीची दारं फटाफट उघडली.

त्यानंतर जे झालं ते आप्पासाहेबांना नंतर कधीच क्रमानं आठवलं नाही. शेळ्या आल्या. कोंबड्या आल्या, काही टोपलीत, काही उलट्या लटकलेल्या. विटा वाहणारं एक गाढव आलं आणि कमानीखालीच आडवं उभं राहिलं. एका म्हातारबाबानं खुराड्यासकट कबुतरं आणली. एक म्हैस मागच्या बाजूनं कनात उचलून आत आली आणि तिथली सावली पाहून बसली. तिला उठवायला गेलेल्या पुंजारामांच्या हातातलं भाषण एका शेळीनं ओढून घेतलं आणि पुंजाराम ओरडेपर्यंत पहिलं पान संपवलंही. पाहुण्यांच्या गळ्यातला हार आधीच गेला होता. सनई वाजतच होती. अशात एक अनोळखी जोडपं आहेराचं पाकीट घेऊन आलं आणि नवरामुलगा कोणता असं विचारू लागलं. द्वारकाबाईंनी काही न सुचून त्यांना कुंकू लावलं.

वहिदा मात्र खुशीत होती. ती आणि तिचे सोबती शेळ्यांना जंताचं औषध पाजत होते, खुरं बघत होते, कोंबड्यांच्या चोची उघडत होते. आप्पासाहेब टाचा उंच करकरून गर्दीत बघत होते. शेळ्या होत्या, गाढव होतं, म्हैस होती. कुत्रं एकही नव्हतं. चतुराबाईंचं सोडून, आणि त्याला ते कुत्र्यांत धरत नव्हते.

गयास रिक्षावाला आपली शेळी घेऊन रांगेत उभा होता. त्याची रिक्षा पलीकडं झाडाखाली लावलेली होती आणि तिचे पडदे आज खाली पाडून घट्ट बांधलेले होते. आप्पासाहेब त्याच्याजवळ गेले. इकडंतिकडं पाहिलं.

"काय गयास, सगळी जनावरं आली का?"

"हौ साब, सब आ गए."

"नाही, म्हणजे... कुत्री-बित्री?"

गयासचा चेहरा एकदम कोरा झाला. "कुत्ता? कौनसा कुत्ता साब? इदर कुत्तेच नै."

"अरे, त्या वीटभट्टीपाशी..."

"नै साब. कब्बी बी नै थे," गयास म्हणाला. त्याच क्षणी रिक्षाच्या पडद्याआडून कुणीतरी भुंकलं. गयासनं चटकन खोकून दाखवलं. खोकला आणि भुंकणं यांचा मेळ काही बसला नाही, पण आप्पासाहेब भांबावून पुढं गेले.

पुढं सरूबाई भेटली. सरूबाई आप्पासाहेबांकडं धुणंभांडी करायची आणि वीटभट्टीतच राहायची. तिच्या हातात कोंबडी होती.

"सरूबाई, वस्तीतली कुत्री कुठं गेली?"

"कामून?"

"कामून म्हणजे? त्यांनाही दाखवायला नको का डॉक्टरला?"

सरूबाईनं कोंबडी या काखेतून त्या काखेत घेतली. ती तशी कुणाला भिणारी बाई नव्हती. "साहेब, खरं सांगू का, राग मानू नका. परवापासून समद्या वस्तीत बोभाटा हाय, की साहेबांनी कुत्र्याची गाडी बोलिवली. डॉक्टर हाय, सुया हायेत, मंडप घातलाय. समदी कुत्री गोळा करून नेणार म्हून. मग ज्यानं त्यानं आपापलं लपिवलं."

"मी? मी नेणार?"

"मग कोन? पाटी तुमचीच हाय ना."

अपमान झाला की अन्याय झाला, की सरळ सरळ हिशेब चुकता झाला, हे आप्पासाहेबांना कळेना. या सगळ्या जत्रेचा खटाटोप ज्या एका कुत्र्यासाठी केला, ते कुत्रं त्यांच्याच भीतीनं कुठंतरी अंधारात, किडे पडलेली मान घेऊन बसलं होतं. आणि ज्यांनी लपवलं त्यांनीही मायेनंच लपवलं होतं. रागवावं तरी कुणावर?

"सरूबाई, ते तांबडं... फाटक्या कानाचं... त्याच्या मानेला जखम आहे. ते मरून जाईल."

सरूबाईनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. तिचे डोळे जरा हलले. मग तिला पाटी आठवली असावी. "मला काय म्हाईत नाय," ती म्हणाली आणि कोंबडी घेऊन टेबलाकडं निघून गेली.

वहिदाचे सोबती आता खोकी बांधायला लागले होते. पाहुणेही उठायच्या बेतात होते. पुंजाराम भोंग्याजवळ येऊन म्हणाले, "आप्पासाहेब, आभाराचं भाषण करा. माझं शेळीनं खाल्लं."

आप्पासाहेबांनी माइक हातात घेतला. सनई थांबली. पहिल्यांदा जे बाहेर पडलं ते सवयीनं पडलं. "तमाम रहिवाशांना कळविण्यात येते की, ज्यांच्या ताब्यात श्वान असतील त्यांनी ते तपासणीकामी तात्काळ हजर करावेत. कोणावरही कारवाई करण्यात येणार नाही."

भोंग्यातून 'कारवाई' हा शब्द घुमत घुमत वीटभट्टीवर गेला. पलीकडं दोन-तीन दारांच्या कड्या लागल्याचा आवाज इथपर्यंत ऐकू आला.

आप्पासाहेबांनी माइक खाली केला. समोर सगळी कॉलनी बसली होती. चतुराबाई मांडीवर कुत्री घेऊन. माशाचे मालक. पुंजाराम. पाहुणे. पहिल्या रांगेत द्वारकाबाई, ताट मांडीवर. सगळे त्यांच्याकडं बघत होते, आणि ते बघणं सचिवाकडं बघायचं असतं तसं होतं. हे बघणं त्यांना आवडायचं. नोकरी संपल्यावर तेवढंच हाती राहिलं होतं. त्यांचा हात आपोआप उजव्या खिशात गेला. आतली पोळी कालची होती, वाळून कडक झाली होती.

त्यांनी माइक पुन्हा तोंडाशी नेला आणि डोळे मिटले.

"यू... यू... यू..."

पाहुण्यांनी मान वळवून पुंजारामांकडं पाहिलं.

"मुकादम," आप्पासाहेब म्हणाले. आवाज सचिवाचा राहिला नव्हता, शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या पोराचा झाला होता. "मुकादम, ये रे बाबा. यू यू यू. पोळी आणलीय बघ. ये रे माझ्या राजा. कुणी काय करत नाय तुला. मी हाय ना."

"कोण मुकादम?" पुंजारामांनी शेजारच्याला विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पलीकडं सरूबाईच्या घरात भांडी पडल्याचा आवाज झाला, दार धडकलं आणि तांबडं काहीतरी नाल्यावरच्या फरशीवरून येताना दिसलं. सरूबाईनं त्याला घरात आपल्या जुन्या लुगड्यानं बांधून ठेवलं होतं. ते लुगडं सबंध त्याच्यामागं फरपटत येत होतं. हिरवं लुगडं, आणि त्याचा पदर मातीतून ओढत, मान कलती धरून मुकादम थेट 'शुभविवाह' कमानीतून आत आला. आहेर घेऊन आलेलं जोडपं उठून उभं राहिलं.

आधी तो भोंग्याच्या खांबाखाली थांबला. आवाज तिथूनच आला होता. त्यानं वर पाहिलं, खांब हुंगला, भोंग्यावर एकदा भुंकला. मग वळला. शेळ्या, म्हैस, पाहुणे, सोफा या कशाकडं न बघता तो व्यासपीठावर चढला आणि आप्पासाहेबांच्या उजव्या खिशात त्यानं सबंध तोंड घातलं.

खिसा कुठला, हे त्याला शोधावं लागलं नाही. सगळ्या कॉलनीनं ते पाहिलं. द्वारकाबाईंनीही पाहिलं. त्यांची नजर कुत्र्याच्या तोंडावरून खिशाच्या डागावर गेली आणि डागावरून नवऱ्याच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. आप्पासाहेब रडत होते. त्यांनी चष्मा काढायचा प्रयत्न केला, पण एका हातात माइक होता आणि दुसरा कुत्र्याच्या डोक्यावर.

वहिदा धावत आली. जखम पाहून तिनं खोकी पुन्हा उघडायला सांगितली. "कुणीतरी घट्ट धरा याला. ओळखीचं माणूस पाहिजे."

आप्पासाहेब व्यासपीठावरच मांडी घालून बसले आणि मुकादमचं डोकं त्यांनी मांडीत घेतलं. वहिदा किडे काढत होती. वास सुटला तसे पाहुणे शाल सावरत पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. मुकादम कण्हत होता, पण चावला नाही. आप्पासाहेब त्याच्या फाटक्या कानात काहीतरी बोलत होते. ते कालव्याबद्दल होतं असं पुंजाराम नंतर सांगत.

"वेळेवर आलं हे," वहिदा पट्टी बांधताना म्हणाली. "पण याला आता मोकळं सोडायचं नाही. रोज पट्टी बदलायची, माशी बसू द्यायची नाही. कुत्रं कुणाचं आहे?"

मंडपाभोवती जमलेल्या वस्तीतून एकदम चार आवाज उठले. सरूबाई म्हणाली, तो वाघ्या हाय, लुगडं बघा कुणाचं हाय ते. गयास म्हणाला, ये तो अपना शेरू है साब, हड्डी मैं डालता रोज. मागून कुणी त्याचं तिसरंच नाव सांगितलं. सगळेच खरं बोलत होते, त्यामुळं कुणाचं ऐकावं ते वहिदाला समजेना.

"ठेवणार कोण, तेवढं सांगा. सावलीची, बंद जागा पाहिजे."

आवाज बसले. वीटभट्टीत सावली होती, पण बंद जागा माणसांनाच पुरत नव्हती.

"माझ्याकडं," आप्पासाहेब म्हणाले.

"आणि पाटी?" पुंजारामांनी विचारलं. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

आप्पासाहेब मुकादमच्या कानामागं खाजवत राहिले. तेवढ्यात गयासनं जाऊन रिक्षाचे पडदे उघडले. मागच्या सीटवरून एक काळी कुत्री आणि तिची पिल्लं उतरली. त्या पाठोपाठ वस्तीतून एकेक दार उघडायला लागलं. बाजेखालून, कोठीमागून, पत्र्यावरून, कुठून कुठून कुत्री निघाली आणि माणसं त्यांना घेऊन कमानीकडं येऊ लागली. चतुराबाईंनी आपली कुत्री उचलून छातीशी धरली. थोड्या वेळानं त्यांनी पर्समधली बाटली काढून वहिदाच्या टेबलावर ठेवली आणि कुणी बघतंय का ते पाहिलं. वहिदानं फुलंब्रीला फोन करून सांगितलं की मला उशीर होतोय, आणि पुढच्या महिन्यातही इथंच यायचंय. फकिरानं विचारलं, मंडप संध्याकाळपर्यंत लागणार असेल तर सनई पुन्हा लावू का? नको म्हणून सगळे एकदम ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीच्या फाटकावर पाटी नव्हती. आता आपल्यावरच कारवाई होते की काय, म्हणून आप्पासाहेब घाबरत घाबरत शोधायला निघाले, तर ती त्यांच्याच परसात निघाली. द्वारकाबाईंनी ती काढून आणली होती आणि रचलेल्या विटांवर आडवी टाकून मुकादमसाठी छप्पर केलं होतं. अक्षरं आतल्या बाजूला होती. मुकादम खाली पडून 'हुकुमावरून' या शब्दाकडं बघत होता. द्वारकाबाई घरात चहा टाकायला गेल्या.

जखम भरून पट्टी निघाली तसा मुकादम वस्तीत परतला. सरूबाईनं येऊन आपलं लुगडंही परत नेलं. त्या संध्याकाळी आप्पासाहेब फिरायला निघाले तर त्यांचे सगळे नेहरू शर्ट बाहेरच्या खोलीत पडलेले, आणि द्वारकाबाई सुईदोरा घेऊन बसलेल्या. प्रत्येक शर्टाचा उजवा खिसा उसवून त्या आतून दुधाच्या धुतलेल्या पिशवीचं अस्तर लावत होत्या. शेजारी ताटलीत एक सबंध पोळी ठेवलेली होती.

"हे काय चाललंय?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"पेन गळतं ना तुमचं," द्वारकाबाई म्हणाल्या आणि दातानं दोरा तोडला.